व्याह्यांच्या टाकीतलं पेट्रोल

नाकोबा उभ्या आयुष्यात एकदाच चुकला, आणि चुकला तोही थेट व्याह्यांच्या गाडीवर. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर चार शिव्या खाऊन प्रकरण मिटलं असतं. पण नशीब फुटायचंच असलं की ते सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत फुटतं.

नाकोबा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, एका शटरच्या गॅरेजात बसणारा मेकॅनिक. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. नाक दिसायला काही विशेष नाही, कुणाच्याही तोंडावर खपून जाईल असं. नाव पडलं ते त्या नाकाच्या करणीमुळे.

वर्ष-दोन वर्षं, चार-पाच वर्षं कोपऱ्यात पडून राहिलेल्या मोटरसायकलला गॅरेजवाले उभी गाडी म्हणतात. मालक परदेशी जातो, आजारी पडतो, नाहीतर चारचाकी घेतो, आणि ही बिचारी जिन्याखाली उभी. मग एक दिवस कुणाला तरी तिची आठवण होते, किका मारून मारून पोटरी सुजते आणि गाडी नाकोबाकडे येते. दुसरे मेकॅनिक आधी पान्याला हात घालतात. नाकोबा आधी टाकीचं झाकण उघडायचा, नाक खाली घालायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दोन वर्षं. ओलसर जागी होती. टाकी अर्धीच भरलेली ठेवलीत ना?" मालक तोंडात बोट घालून उभा राहायचा.

पेट्रोल शिळं होतं असं म्हटलं तर लोकांना थट्टा वाटते. पण पेट्रोलही नासतं. ताजं असतं तेव्हा नाकात नुसतं चुरचुरतं. पडून राहिलं की त्या चुरचुरीवर आंबूस, जुन्या वार्निशसारखा वास चढतो, आणि मग ते कार्बुरेटरच्या तळाशी चिकट होऊन बसतं. तिथे पेट्रोल सोडणारा जेट असतो, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. ते बुजलं की गाडी संपली. हा आंबूसपणा किती मुरलाय यावरून नाकोबा वर्षं सांगायचा.

ही विद्या त्याला उस्तादाने दिली होती. उस्ताद त्याच्या डोळ्यांवर तेलकट फडकं बांधायचा आणि एकेक बाटली नाकाखाली धरायचा. ताजं, महिन्याचं, वर्षाचं, रॉकेल मारलेलं. उत्तर चुकलं की चिमटीत नाक धरून असं पिळायचा की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. पुढेपुढे पिळायची वेळच येईना, तेव्हा उस्ताद म्हणाला, "आता तुला पान्याची गरज नाही. पण माज करू नकोस." यातलं पहिलं वाक्य नाकोबाच्या लक्षात राहिलं.

घरातही नाकाचंच राज्य होतं. शेजारी दूध उतू जाण्याआधी नाकोबा इथून ओरडायचा. मुलगी शाळेला दांडी मारून नदीवर गेली की हा तिच्या केसांच्या वासावरून ओळखायचा. खोटं बोलायची सोयच नव्हती. त्या पोरीने देवावर ठेवला नसेल इतका विश्वास बापाच्या नाकावर ठेवला. सासरी गेली तेव्हा तिथेही ती तोच पाठ घेऊन गेली. "बाबांचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल," असं ती सासूला कौतुकाने सांगायची.

मागल्या वर्षी नाकोबाला मोठा ताप आला. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. उठला आणि पाहतो तर जग बिघडलेलं. दुधाला वास नाही, साबणाला वास नाही. "कंपन्या चोर झाल्यात. हल्ली कशातच दम राहिला नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागला. जेवायला बसला की पहिल्या घासालाच ताट सरकवायचा. "अगं, काय हे? ओला पुठ्ठा चावतोय मी. तुझ्या हाताची चव गेली." बायको बिचारी कधी मीठ वाढव, कधी मिरची वाढव असं करत राहिली. शेवटी आपलाच हात उतरला असं समजून वाढून झालं की ती आत निघून जायची. समोर बसेनाशी झाली.

त्यातच मुलगी बाळंत झाली, नात झाली. सगळे त्या पोरीच्या टाळूला नाक लावून वेडे झालेले. नाकोबानेही लावलं आणि मान हलवून म्हणाला, "बघा, हल्लीच्या पोरांनाही वास नाही." दोन्हीकडची माणसं पोट धरधरून हसली. नाकोबाचा विनोद म्हणून तो दोन्ही घरांत गाजला.

धंदा तसा मंदावला होता. नव्या गाड्यांना कार्बुरेटरच नसतो, त्या म्हणे कॉम्प्युटरवर चालतात. तापानंतर गॅरेज उघडलं तेव्हापासून पंक्चर, ब्रेक, चेन याशिवाय हाताला काम नव्हतं. उभी गाडी अशी एकही आली नव्हती. म्हणून एका दुपारी खुद्द व्याही घामाघूम होऊन जुनी मोटरसायकल ढकलत शटरसमोर उभे राहिले, तेव्हा नाकोबाला कोण आनंद झाला.

व्याही म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. समोरच्याच्या खिशात तिकीट आहे की नाही हे तोंडावरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. पुरावा दाखवल्याशिवाय सकाळ झाली हेही ते मानायचे नाहीत. पण त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

"व्याही, गुपित आहे, घरी बोलायचं नाही," ते स्टूल ओढून बसत म्हणाले. "ही तुमच्या जावयाची गाडी."

"जावईबापूंची? त्यांना तर मी कधी सायकलवरही पाहिलं नाही."

"तीच तर गोष्ट आहे. कॉलेजात असताना वाऱ्यासारखी पळवायचा. एकदा भिंतीवर घातली. मागे बसलेल्या मित्राचा पाय गेला असता, थोडक्यात वाचला. मी किल्ल्या काढून घेतल्या. म्हटलं, मी देईपर्यंत हात लावायचा नाही. 'बरं' म्हणाला. सात वर्षं झाली. गाडी कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. पोराने एकदा विषय काढला नाही हो! बसने जातो, बस चुकली तर चालत जातो." व्याह्यांचा आवाज थोडा ओला झाला. "आता लेकीचा बाप झाला. म्हटलं, त्याने शब्द पाळला, आपणही काही द्यावं. रविवारी किल्ली हातात ठेवणार आहे. तेवढी चालू करून द्या."

जुडग्यातल्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांनी नाकोबाच्या हातात दिली. गाडी त्यांनी स्वतः धुऊनपुसून लखलखीत केली होती. टायरांत हवा भरून आणली होती. धुळीचा कण नाही. नाकोबाने हात पुसले. आपली कला दाखवायला इतक्या दिवसांनी माणूस मिळाला होता, आणि तोही व्याही. त्याने ऐटीत टाकीचं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि नाक खाली घातलं.

चुरचुर आली. आंबूसपणा मात्र नाही. वार्निशचा तर मागमूस नाही. त्याने पुन्हा हुंगलं. नुसती स्वच्छ चुरचुर.

"व्याही, सात वर्षं म्हणालात?"

"सात. का हो?"

"पेट्रोल ताजं आहे. फार तर महिन्याचं."

"ताजं? मला तर चांगलाच उग्र वास येतोय."

"उग्र म्हणजेच ताजं," नाकोबा हसला. "शिळं असतं तर तुम्हाला इथे उभं राहवलं नसतं. गाडी काही सात वर्षं उभी नाही. कुणीतरी फिरवतंय."

बोलून गेला, आणि मग त्याने व्याह्यांचं तोंड पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त कुणी ओढून घ्यावं तसे ते पांढरे पडले होते. आपण काय बोललो हे तेव्हा कुठे नाकोबाच्या डोक्यात शिरलं.

"कुलूप मी लावलं होतं," व्याही स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "किल्ल्या माझ्याकडे." मग म्हणाले, "त्याच्या दुकानात किल्ल्या करायचं मशीन आहे."

जावई हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता आणि दारातच ते मशीन होतं, हे खरं.

"अहो, तरणं पोर आहे," नाकोबा घाईघाईने सारवासारव करायला गेला, "मारली असेल एखादी चक्कर." सारवण्याऐवजी भोकच मोठं झालं.

"सात वर्षं मी त्याला बसने जाताना पाहत होतो आणि मला भरून येत होतं," व्याही म्हणाले. "तुमचं नाक चुकू शकतं का? तेवढं सांगा."

इथे 'हो' म्हणायला नाकोबाचं काय जात होतं? पण आयुष्यभर एकच गोष्ट कमावलेली. त्याने पेट्रोलावर दिलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. समोरून विचारलं आणि तोंडून आपसूक आलं, "आजवर तरी चुकलेलं नाही."

व्याही उठले. चहा येत होता, त्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दारात. कडेवर बाळ, हातात बॅग. रडून रडून डोळे सुजलेले.

"बाबा, पेट्रोल खरंच ताजं होतं?"

"आधी आत तरी ये, बाई."

"नाही. आधी सांगा. मामंजी काल घरी आले आणि सगळ्यांसमोर यांना खोटारडा म्हणाले. हे म्हणाले, मी हात लावलेला नाही. मामंजी म्हणाले, तुझ्या सासऱ्याचं नाक सांगतंय. मग यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली." तिचा आवाज चिरकला. "आणि मी काय बोलले माहितेय? म्हटलं, बाबांचं नाक खोटं बोलत नाही. म्हणजे तुम्ही माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलताय. बाबा, ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी बॅग भरली."

पोरीचा भरला संसार एका हुंगण्याने दारात आला होता. त्यातही तिने नवऱ्याच्या शपथेपेक्षा बापाचं नाक मोठं मानलं, याचा त्याला धक्का बसला आणि, खोटं कशाला सांगा, कुठेतरी आत बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

"अहो, परत एकदा हुंगून तरी बघा," बायको हळूच म्हणाली.

"परत?" तो उसळला. "परत हुंगायची वेळ माझ्यावर कधी आली होती का?"

बायको आत निघून गेली. वर्षभरात तिला त्याची सवय झालीच होती.

तरी तो गॅरेजात जाऊन कामाला लागला. मनात एकच होतं, जावयाला सोडवील असं काहीतरी या गाडीत सापडावं. प्लग काढला, घासला, ठिणगी पाहिली. निळीशार. पेट्रोल ताजं, ठिणगी चांगली, म्हणजे दुसऱ्या किकेला गाडी बोलायला हवी. त्याने किका मारल्या. गाडी हूं की चूं करेना. तो मारत राहिला, शर्ट पाठीला चिकटला, पण इंजिन नुसतं खोकलंसुद्धा नाही. शेवटी वैतागून त्याने कार्बुरेटर उतरवला आणि खालची वाटी उघडली.

वाटीत पेट्रोल नव्हतंच. तळाला काळपट तांबडा, गुळाच्या पाकासारखा थर. पेट्रोलावर तरंगायचा तो फ्लोट त्यात अडकून बसलेला. जेटवर हिरवी बुरशी चढलेली, भोक पार बुजलेलं. हे महिन्याचं काम नव्हे. वर्षानुवर्षांचं काम होतं.

नाकोबा त्या वाटीकडे बघतच राहिला. वाटी जुनी आणि टाकी ताजी, हे कसं? गाडी फिरत होती तर या जेटमधून पेट्रोल गेलं कसं? त्याने वाटी नाकाशी नेली. काही नाही. धडपडत पांढरी परात आणली, टाकीखालची नळी सोडली आणि टाकीतलं सगळं परातीत ओतलं. कोऱ्या चहासारखं गडद तांबडं पेट्रोल धो धो बाहेर आलं, त्यात गंजाचे कपटे. तो परातीवर वाकला, जवळजवळ नाक बुडेपर्यंत वाकला. चुरचुर होती. वास नव्हता.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. बायको तोंडाला फडकं लावून उभी.

"अहो, काय सडवलंय काय इथे? बाळ ठसकतंय आत! मी शेगडी बंद केली घाबरून."

"तुला वास येतोय?"

"मला? अहो, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल! जुनं वार्निश आणि काय काय..."

"बाबा, दार तरी लावा!" आतून मुलगी ओरडली. "डोकं उठलं माझं!"

नाकोबा परातीसमोर उकिडवा बसला होता. हातात पाना, पायांवर परातीतून उडालेलं तांबडं पेट्रोल. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा परातीकडे. मग लहान मुलासारखं विचारलं,

"दुधाला वास असतो का गं अजून?"

"असतो की."

"साबणाला?"

"असतो. असं काय विचारताय?"

त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत, बाळाच्या पाळण्याकडे गेली. पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने विचारला नाही.

बायकोच्या तोंडावरचं फडकं हळूहळू खाली आलं. सगळं कळायला तिला फार वेळ लागला नाही. ती तिथेच, ऑइलच्या डब्यावर बसली. "म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "वर्षभर मी पातेल्यासमोर उभं राहून रडत होते. वाटलं, म्हातारी झाले, संपलं." राग नव्हता तिच्या बोलण्यात. चाटच पडली होती ती. नाकोबाला मात्र वाटलं, हिने परात उचलून डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं.

मुलगी दारात येऊन सगळं ऐकत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे ते खरं बोलत होते," एवढंच ती म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

"आत्ताच्या आत्ता जा," बायको म्हणाली.

"जातो. पण गाडी चालू करून घेऊन जातो."

घाबरला होता, दुसरं काय? हात कामात असले की तेवढंच बरं. त्याने जेट काढून ताज्या पेट्रोलात बुडवून ठेवला आणि ब्रशच्या एका केसाने भोक मोकळं केलं. तारेने भोक मोठं होतं, ही गोष्ट हातांना ठाऊक होती. वाटी घासून चकचकीत केली. टाकीत मूठभर नट टाकून, ताजं पेट्रोल घालून ती खळखळून हलवली, गंज बाहेर येईनासा होईपर्यंत धुतली. नळीतली जाळी बदलली, वाळून आकसलेलं रबर बदललं. प्रत्येक वेळी सवयीने नाक खाली जायचं आणि तो ते वर ओढून घ्यायचा. जन्मात पहिल्यांदा त्याने उभी गाडी निव्वळ डोळ्यांनी आणि हातांनी दुरुस्त केली. तिसऱ्या किकेला ती बोलली. एरवी तो अशा वेळी गल्लीकडे बघून मिशीला हात लावायचा. आज त्याने जुनं पेट्रोल एका बाटलीत भरलं, बूच लावलं आणि निघाला.

वाटेत त्याला एक पळवाट सुचली. व्याह्यांना सांगावं की घोटाळा झाला, शेजारी दुसरी गाडी उभी होती, मी तिची टाकी हुंगली. जावई सुटतो, मुलगी परत जाते आणि नाकही शाबूत राहतं. कुणाचं काय बिघडलं? ते वाक्य त्याने हेल्मेटच्या आत चार-पाच वेळा घोळवून पक्कं केलं.

व्याह्यांच्या पायरीवर जावई बसला होता. दुकानात गेला नव्हता. गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, गाडी ओळखली, आणि पटकन दोन्ही हात मागे घेतले. कुणी म्हणू नये, याने हात लावला. ते पाहिलं आणि नाकोबाच्या तोंडातलं पाठ केलेलं वाक्य विरघळून गेलं.

"व्याही!" त्याने दारातूनच हाक मारली. "माझं नाक गेलंय. तापात गेलं. मला कसलाच वास येत नाही. तुमच्या मुलाने गाडीला बोट लावलेलं नाही." आणि बाटली पुढे केली.

व्याही बाहेर आले. बाटली उजेडात धरून पाहिली, बूच उघडून हुंगली, तोंड वाकडं केलं. मग बाटली शांतपणे कठड्यावर ठेवली.

"अशी बाटली कुणीही कुठूनही भरून आणेल," ते म्हणाले. "काल तुमचं नाक चुकत नव्हतं. सकाळी पोरगी बॅग घेऊन आली आणि लगेच नाक गेलं! व्याही, मी तुम्हाला दोष देत नाही. लेकीच्या संसारासाठी बाप काहीही बोलेल. मी पण बोललो असतो."

नाकोबा थक्क झाला. सगळी विद्या पणाला लावून जे कमावलं, ते आता देऊन टाकायला निघाला तर कुणी घेईना. आपण नालायक आहोत हे पटवून द्यायला माणसाला पुरावा लागतो, हे त्याला या वयात कळत होतं.

"रुमाल द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"द्या तर खरं. तुम्ही तपासनीस ना? तपासा."

त्याने व्याह्यांचा रुमाल आपल्याच हाताने डोळ्यांवर घट्ट बांधला आणि पायरीवर मांडी घालून बसला. मागून बायको आणि बाळाला घेऊन मुलगी रिक्षाने येऊन पोचल्या होत्या, त्यांच्या चपलांचा आवाज त्याने ओळखला. विहीणबाई आत-बाहेर करू लागल्या. नाकाखाली काहीतरी धरलं गेलं.

"काय आहे?" व्याह्यांचा आवाज.

"काही नाही."

"काही नाही कसं? कॉफीचा डबा उघडा धरलाय."

दुसरं काहीतरी आलं. "काही नाही," नाकोबा म्हणाला. तो साबण होता. तिसऱ्याला नाकात चुरचुरलं आणि त्याला हायसं वाटलं. "पेट्रोल!" तो म्हणाला. चौथ्यालाही चुरचुरलं. "हेही पेट्रोल." विहीणबाईंच्या तोंडून 'अगं बाई' असं निघालं. तिसरा ठेचलेला लसूण होता, चौथं रॉकेल. लसणाला पेट्रोल म्हणणारा नाकोबा! व्याह्यांनी एकेका नाकपुडीशी धरून पुन्हा पाहिलं, रिकामा हात धरून पाहिला, मध्येच कॉफी परत आणून पाहिली. अंधारात बसलेल्या नाकोबाला घाम फुटला होता. खोटं बोलायची गरजच पडत नव्हती, याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. किती गेलंय हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

मग सगळं थांबलं. नंतर किल्ल्यांचा जुडगा वाजला, त्यातून एक किल्ली निघाल्याचं ऐकू आलं.

"घे," व्याही म्हणाले. आवाज कसनुसा झाला होता. "रविवारी देणार होतो. माझं चुकलं, बाळा."

मुलीचा हुंदका तेवढा ऐकू आला, आणि मग तिची पावलं, नवऱ्याच्या दिशेने गेलेली. नाकोबाने सुटकेचा श्वास टाकला आणि रुमालाच्या गाठीला हात घातला.

"थांबा," जावयाचा आवाज आला. त्यात राग नव्हता. उलट जरासं हसू होतं, मिटलेल्या भांडणानंतर माणसाला येतं तसं. "एक राहिलं."

काहीतरी ऊबदार नाकाजवळ आलं, अगदी जवळ, नाकाच्या शेंड्याला मऊ लागेल इतकं. नाकोबाने खोल श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. विहीणबाई हसत होत्या त्या थांबल्या. त्याची बायको "नको हो" असं काहीतरी पुटपुटली.

"काय आहे?" जावयाने विचारलं.

"काही नाही," नाकोबा म्हणाला.

आणि एका इवल्याशा मुठीने त्याचं नाक घट्ट धरलं, आणि पिळलं.